वाद असावा, वैर नसावे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी काही व्याख्याती नव्हे. सातवीपर्यंत शिकलेली आणि घरसंसार सांभाळणारी बाई आहे. पण कार्यवाहबाईंनी सांगितले की यंदा पाहुणे वक्ते बोलावण्यापेक्षा सभासदांपैकीच कोणी बोलावे, म्हणून उभी राहिले आहे. विषय मीच मागून घेतला. आपल्या वार्षिक सभेपुढे एक सूचना आली आहे, ती आपणा सर्वांना ठाऊक आहे. मंडळात राजकारण आणि भाषा हे विषय कोणी काढू नयेत, असा ठराव करावा, अशी ती सूचना आहे. सूचना करणाऱ्या भगिनींचा हेतू चांगला आहे यात शंका नाही. मंडळ फुटू नये, एवढेच त्यांना वाटते. मलाही तेच वाटते. तरीही हा ठराव होऊ नये असे माझे मत आहे, आणि ते का, हे मी माझ्या अल्पमतीप्रमाणे सांगणार आहे.

पहिली गोष्ट अशी की राजकारण आपण दाराबाहेर ठेवू म्हटले तरी ते बाहेर राहात नाही. ते मागच्या दाराने सरळ स्वयंपाकघरात येते. सिलिंडरचा भाव, कापसाचा आणि सोयाबीनचा भाव, अंगणवाडीतला खाऊ, नळाला पाणी कधी येणार, शाळेत मुलांना काय शिकवणार, हे सारे कोठे तरी कोणी तरी ठरवतेच. ते ठरवणाऱ्यांत आता आपणही आहोत. १९९३ च्या घटनादुरुस्तीने पंचायतींत बायकांसाठी एकतृतीयांश जागा राखल्या गेल्या, आणि आपल्या राज्यात २०११ पासून त्या निम्म्या झाल्या. ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी सभा घ्यावी असाही नियम आहे. आता मला सांगा, जी बाई मंडळात आपल्या मैत्रिणींसमोर तोंड उघडायला शिकली नाही, ती ग्रामसभेत पन्नास पुरुषांसमोर काय बोलणार? तिच्या खुर्चीमागे उभा राहून तिचा नवराच बोलणार. मग आपणच म्हणणार की बायकांना राजकारणातले कळत नाही.

तेव्हा बोलणे बंद करणे हा उपाय नव्हे. कसे बोलावे हे शिकणे हा उपाय आहे. वाद आणि भांडण यांत फरक आहे. आपण ज्वारी पाखडतो तेव्हा सूप हलते, आवाज होतो, कोंडा उडतो, पण शेवटी दाणा सुपात राहतो. भांडणात सूपच अंगणात फेकले जाते. दाणाही गेला, कोंडाही गेला, आणि वेचत बसायचे काम मात्र आपल्याकडे आले.

आता आपल्याकडे घडले ते उघडच बोलते, कारण झाकून ठेवलेले दुखणे बरे होत नाही. २०२५ च्या एप्रिलमध्ये, १६ तारखेला, राज्य सरकारने निर्णय काढला की मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा सक्तीची राहील. त्यावर राज्यभर गहजब झाला. १७ जूनला दुसरा निर्णय आला. त्यात सक्ती हा शब्द गेला, पण सर्वसाधारणपणे हिंदीच राहील आणि दुसरी भाषा हवी असेल तर वर्गातली निदान २० मुले तयार पाहिजेत, असे म्हटले होते. पुन्हा गहजब झाला. शेवटी २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेतले गेले आणि डॉ. नरेंद्र जाधव यांची समिती नेमण्यात आली. त्याच सुमारास मीरा रोडला मराठीच्या कारणावरून एका दुकानदाराला मारहाण झाली, ती आपण सर्वांनी पाहिली.

त्याच दिवसांत आपली भिशी होती. एक भगिनी म्हणाल्या, सहा वर्षांच्या लेकराच्या डोक्यावर तीन भाषा कशाला? दुसऱ्या भाभी हिंदी बोलणाऱ्या घरच्या. तीन पिढ्यांपासून त्यांचे कुटुंब वर्ध्यात आहे. त्या म्हणाल्या, देशाची भाषा लहानपणीच शिकली तर बिघडले कोठे? येथपर्यंत ठीक होते. दोघींचेही म्हणणे ऐकण्यासारखे होते. पण मग कोणी तरी म्हणाले, "तुम्ही आमच्या राज्यात राहाता ना?" आणि तिकडून उत्तर आले, "तुमची तरी मराठी कोठे शुद्ध आहे?" झाले! हिंदीचा प्रश्न राहिला बाजूला. भाभी हळदीकुंकवाला आल्या नाहीत, भुलाबाईच्या गाण्यांना आल्या नाहीत. आणि त्यांच्यामुळे त्यांच्या गल्लीतल्या आणखी दोघी यायच्या थांबल्या.

मला त्या दिवसाविषयी दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. एक म्हणजे त्या दोन्ही सरकारी निर्णयांचा कागद आपल्यापैकी एकीनेही वाचलेला नव्हता. एक बाजू म्हणत होती की हिंदी ही घटनेप्रमाणे राष्ट्रभाषा आहे. तसे घटनेत नाही. १४ सप्टेंबर १९४९ ला घटना समितीने हिंदीला केंद्राच्या कारभाराची भाषा म्हणून, म्हणजे राजभाषा म्हणून, स्वीकारले. आणि आठव्या परिशिष्टात आज २२ भाषा आहेत, त्यांत मराठीही आहे, हिंदीही आहे. दुसरी बाजू अशा थाटात बोलत होती की जणू महाराष्ट्रात हिंदी पहिल्यांदाच येत आहे. तेही खरे नव्हे. पाचवीपासून हिंदी आपण सर्वजणी शिकलो आहोत. वाद होता तो पहिलीपासून का पाचवीपासून, आणि सक्तीने का खुशीने, एवढाच. कागद समोर असता तर वाद अर्ध्या तासात नेमक्या जागी आला असता.

दुसरी गोष्ट म्हणजे हा वाद वर्ध्याला नवीन नाही. किंबहुना या वादाचे माहेरच वर्धा आहे म्हणाना! आपल्या हिंदीनगरची राष्ट्रभाषा प्रचार समिती १९३६ साली स्थापन झाली. राजेंद्रबाबू, काकासाहेब कालेलकर, जमनालालजी, पुरुषोत्तमदास टंडन अशी मोठी माणसे तिच्यामागे होती, आणि गांधीजींची प्रेरणा होती. लागलीच पुढच्या वर्षी, २२ व २३ ऑक्टोबर १९३७ ला, याच वर्ध्यात शिक्षण परिषद भरली. नई तालीम जिला म्हणतात तिचा पाया त्या परिषदेत घातला गेला. तेथे ठरले की मुलांना सात वर्षे मोफत आणि सक्तीचे शिक्षण द्यावे, आणि ते मातृभाषेतून द्यावे. माझी सातवी झाली आहे, त्यामुळे ही सात वर्षे ऐकली की मला आपली स्वतःचीच गोष्ट ऐकल्यासारखे वाटते!

म्हणजे पाहा, सर्व देशाला जोडणारी एक भाषा असावी, हेही वर्ध्याने म्हटले, आणि लेकराला त्याच्या आईच्या भाषेत शिकवावे, हेही वर्ध्यानेच म्हटले. तीच माणसे दोन्ही गोष्टी सांगत होती. त्यांना त्यांत विरोध दिसला नाही. मग आपल्या भिशीतल्या दोघी एकमेकींच्या वैरिणी कशा होतात? एकीने १९३६ ची बाजू घेतली, दुसरीने १९३७ ची, एवढेच.

पुढची हकीकत तर आपण फार लक्षात ठेवण्यासारखी आहे. राष्ट्रभाषेची लिपी कोणती आणि तिचे रूप कोणते, यावरून गांधीजी आणि टंडनजी यांचा मतभेद झाला. गांधीजी म्हणत, साधी बोलीतली हिंदुस्थानी असावी आणि ती नागरी व उर्दू अशा दोन्ही लिपींत शिकावी. त्यासाठी १९४२ साली हिंदुस्थानी प्रचार सभा निघाली. टंडनजी म्हणत, हिंदी आणि नागरी लिपी. गांधीजी हिंदी साहित्य संमेलनाचे दोनदा, १९१८ ला आणि १९३५ ला, इंदूरला अध्यक्ष झालेले होते. तरी १९४५ साली त्यांनी संमेलनाचा राजीनामा दिला. पण तो कसा? दोघांनी एकमेकांना पत्रे लिहिली. आपले म्हणणे नीट मांडले, दुसऱ्याचे समजून घेतले. टंडनजींना दोन्ही संस्थांत राहण्यात अडचण वाटत नव्हती, गांधीजींना वाटत होती. मत कोणाचेच बदलले नाही. वाट वेगळी झाली, पण एकाने दुसऱ्याची नीयत काढली नाही. भगिनींनो, वाद संपला म्हणजे कोणी तरी हरलेच पाहिजे असे नाही. "आपण या बाबतीत एकमताचे नाही" हे दोघांनी मिळून मान्य करणे, हाही एक चांगला शेवट आहे.

आता शुद्ध भाषेविषयी थोडे बोलते, कारण त्या दिवशीचा खरा घाव तेथे बसला. आपण वर्ध्याच्या बाया "काहून" म्हणतो, "पानी" म्हणतो, "मी स्वयंपाक करून राहिली" म्हणतो. पुण्यामुंबईकडचे कोणी आले की हसतात. आपली मुलगी तिकडे नोकरीला गेली की पहिले सहा महिने ती तोंड मिटून बसते, कारण ती काय म्हणते हे कोणी ऐकत नाही, कसे म्हणते हेच ऐकतात. हे आपल्याला झोंबते ना? मग तेच हत्यार आपण दुसरीवर कसे चालवतो? भाभींच्या मराठीत ने आणि ला यांची अदलाबदल होते, म्हणून त्यांच्या मुद्द्याचे वजन कमी होत नाही. आणि आपली मराठी वऱ्हाडी-नागपुरी वळणाची आहे, म्हणून आपले वजन कमी होत नाही. उच्चारावर बोट ठेवणारी बाई बहुधा मुद्दा संपलेली बाई असते.

आणि आपल्या बोलीची लाज वाटण्याचे तर काहीच कारण नाही. मराठीतला आद्य गद्य ग्रंथ जो लीळाचरित्र, तो म्हाइंभटांनी तेराव्या शतकात येथून जवळच, अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला सिद्ध केला. आता तेथे मराठी भाषा विद्यापीठ झाले आहे. ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्राने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, त्याच्या पुराव्यांत या जुन्या ग्रंथांचे मोल मोठे आहे. त्याच महानुभाव पंथातली महदाइसा ही मराठीची आद्य कवयित्री. ती चक्रधरस्वामींना सारखे प्रश्न विचारी, आणि स्वामींनी तिला गप्प बसवले नाही, उलट तिच्या विचारण्याचे कौतुक केले. सातशे वर्षांपूर्वीची बाई प्रश्न विचारीत होती, आणि आपण आज ठराव करून गप्प बसणार काय?

त्याच पंथातली दुसरी एक गोष्ट मला फार आवडते. स्वामींच्या मागे नागदेवाचार्य आचार्य झाले. त्यांना केशवराज नावाच्या विद्वान शिष्याने संस्कृतातून काही विचारले. आचार्यांनी त्याला थांबवले. ते म्हणाले, असे संस्कृतात बोलू नको, त्याने माझ्या म्हाताऱ्या बाया वंचित होतील. मला स्वामींनी मराठीतच सांगितले आहे, तेच विचार. पाहा बरे, आचार्यांनी संस्कृतला नावे ठेवली नाहीत. त्यांनी एवढेच पाहिले की सभेत बसलेल्या सर्वांत कमी शिकलेल्या बाईला समजते आहे की नाही. आपल्या विनोबांनीही हेच केले. त्यांच्या आईला संस्कृत गीता कळेना, मराठीतून हवी होती. आई १९१८ साली गेली, पण तिची इच्छा मनात धरून त्यांनी १९३० आणि १९३१ मध्ये येथेच वर्ध्याला गीताई लिहिली. भाषेतला न्याय म्हणजे काय, हे याहून सोपे करून कोणी सांगितले आहे असे मला वाटत नाही. जी ऐकणारी आहे तिला कळले पाहिजे, आणि जी बोलणारी आहे तिला बोलता आले पाहिजे. सहा वर्षांच्या लेकराला हा न्याय लागू आहे, भाभींनाही लागू आहे, आणि मीरा रोडच्या दुकानदारालाही लागू आहे. ज्या राज्यात राहावे तेथली भाषा शिकावी, हे मला पूर्ण पटते. पण थापड मारून कोणाला भाषेची गोडी लागलेली मी तरी पाहिलेली नाही. शाळेत मास्तरांच्या छडीने गणितसुद्धा आले नाही!

कोणी म्हणेल, भाषा एक असली की वाद राहात नाहीत. तेही खरे नाही. आपल्या विदर्भाचेच पाहा. १९५५ साली राज्य पुनर्रचना आयोगाने आपल्या आठ मराठी जिल्ह्यांचे वेगळे विदर्भ राज्य करावे अशी शिफारस केली. लोकनायक बापूजी अणे विदर्भाच्या बाजूचे, तर नागपूरला 'तरुण भारत'चे संपादक ग. त्र्यं. माडखोलकर संयुक्त महाराष्ट्राच्या बाजूचे. दोघेही मराठीचे अभिमानी. जुनी माणसे सांगतात की तेव्हा एकेका घरात दोन पक्ष असत. त्याआधी २८ सप्टेंबर १९५३ ला नागपूर करार झाला होता. त्यात लोकसंख्येच्या प्रमाणात पैसा आणि नोकऱ्या मिळाव्यात व वर्षातून एक अधिवेशन नागपुरास व्हावे, असे लिहून ठेवले. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. करारातले काय मिळाले आणि काय राहिले, यावर आजही वाद आहे, आणि २०२३ साली आपल्याकडे साहित्य संमेलन भरले तेव्हाही विदर्भाच्या घोषणा झाल्याच. माझे म्हणणे एवढेच की बोलण्याला काही आधार आहे तो त्या लिहिलेल्या कागदामुळे. नुसते शब्द दिले असते तर आज काय धरून बोललो असतो? म्हणून वादानंतर काय ठरले ते लिहून ठेवावे.

येथे एक शंका निघेल. काही भगिनी म्हणतील की दोन्ही बाजूंचे ऐका, दोन्ही बाजूंचे ऐका, असे म्हणत बसले तर खऱ्याखोट्याचा निवाडा कधी करणार? शंका बरोबर आहे. न्यायाने वाद घालणे म्हणजे सदा कुंपणावर बसणे नव्हे. १९२८ साली जमनालालजींनी आपल्या घराण्याचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्य म्हणून बाहेर ठेवलेल्या बांधवांसाठी उघडले, तेव्हा सनातन्यांचा विरोध होताच. त्यांनी विरोध ऐकून घेतला, पण दार उघडलेच. माणसाला माणूस मानावे की नाही, यात अर्धे तुझे अर्धे माझे चालत नाही. परंतु असे विषय थोडे असतात. पहिलीत किती भाषा असाव्यात, राज्य किती असावीत, कर किती असावा, हे विषय तसे नव्हेत. तेथे चांगली माणसे दोन्हीकडे असतात. आपली चूक होते ती अशी की प्रत्येक वाद आपण मंदिराच्या दारासारखा लढतो, आणि समोरचीला पाखंडी ठरवून मोकळ्या होतो.

तेव्हा ठराव करायचाच असेल तर बंदीचा न करता रीतीचा करावा. मी पाच गोष्टी सुचवते. मंडळाच्या वहीत लिहून ठेवाव्यात.

१. उत्तर देण्यापूर्वी दुसरीचे म्हणणे आपल्या शब्दांत सांगावे. ती "हो, हेच माझे म्हणणे" असे म्हणेपर्यंत आपले उत्तर सुरू करू नये. निम्मी भांडणे येथेच मिटतात असा अनुभव येईल.

२. सरकारी निर्णय, कायदा किंवा भाव यांविषयी बोलायचे असेल तर कागद आणावा. ऐकीव गोष्ट असेल तर "मी ऐकले आहे" असे म्हणावे, "असे आहे" म्हणू नये.

३. बोलणारीची जात, माहेर, भाषा, शिक्षण आणि उच्चार काढू नयेत. आणि एका बाईकडून तिच्या सगळ्या समाजाचा जबाब मागू नये. भाभी या भाभी आहेत, त्या काही सगळ्या उत्तर हिंदुस्थानच्या वकील नव्हेत.

४. जी कमी बोलते तिला आधी पाळी द्यावी. जिला मराठीत जड जाते तिने हिंदीत बोलावे, तेलगूत बोलावे, गोंडीत बोलावे. शेजारचीने समजावून सांगावे. कामकाज मराठीतच चालेल, पण भाषेवाचून कोणाचे तोंड बंद होणार नाही.

५. कोणी आपले मत बदलले तर तिला टोमणा मारू नये. "कशी आली ठिकाणावर!" असे म्हटले की पुढच्या वेळी ती मत बदलणार नाही, आणि इतर कोणीही बदलणार नाही. शहाणपणाला दंड लावू नये.

या रीतीने चालले तर वाद होणारच नाहीत असे मी म्हणत नाही. होतील, व्हावेतही. पण वाद करून बाई घरी जाईल ती पुढच्या भिशीला परत येण्यासाठी जाईल. आपल्या मंडळाची खरी कमाई खात्यातल्या रकमेत किंवा पापडाच्या विक्रीत मोजू नये. वेगळ्या मताच्या किती बाया एका सतरंजीवर बसतात, यात मोजावी. आणि त्या हिशेबाने आज आपण तिघींनी कमी आहोत. वार्षिक सभेपूर्वी आपण चारपाच जणींनी भाभींच्या घरी जावे, त्यांच्या गल्लीतल्या त्या दोघींकडेही जावे. बोलवायला जाताना हिंदी बरोबर की मराठी बरोबर हे ठरवून जाण्याची गरज नाही. ते त्या आल्यावर, त्यांच्यासमोर, सावकाश ठरवू.